पाचवी चकती

१

‘ओढणाऱ्याला ओढू द्यायचं. चांदणी गच्च आवळायची नाही. आणि कोण ओढतंय, ते विचारायचं नाही.’

वसुमतीला घरात शुभंकरोतीच्या आधी हे पाठ करवलं होतं. पहिली दोन वाक्यं तिला पुढे पटलीही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. घराण्याचा धंदा मासेमारीच्या रिळांचा. आडव्या पिंपासारखी, समुद्रावर वापरायची जड रिळं. हँडलच्या बुडाशी पाच पाकळ्यांची धातूची चांदणी असते. ती आवळली की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोरा सुटायला जड जातो. फार आवळली तर मोठा मासा दोरा तोडतो, नाहीतर माणसालाच होडीतून खाली खेचतो. म्हणून थोडं ओढू द्यायचं. इतकं सरळ.

तिसऱ्या वाक्याने मात्र तिचं डोकं फिरायचं. कारण ते गिऱ्हाइकांच्या रिळांसाठी नव्हतंच. ते मागच्या खांबावरच्या रिळासाठी होतं.

घर तंजावरात, पुदु आरूच्या कालव्याला पाठ लावून. पुढे वर्कशॉप, मागे एक खोली आणि तिचं दार थेट कालव्याच्या पायऱ्यांवर. या खोलीतल्या लाकडी खांबाला पणजोबांच्या वेळचं पितळी रीळ दोन लोखंडी पट्ट्यांनी जखडलेलं होतं. त्याचा दोरा दाराला पाडलेल्या भोकातून बाहेर पडून पायऱ्या उतरायचा आणि पाण्यात जायचा. कालव्याला पाणी असलं की दिवसातून दोन-चारदा ते रीळ आपसूक बोलायचं. कट्. कट् कट्. थोडा दोरा जायचा. संपत आला की मोठे काका, हनुमंतराव, नवा दोरा आणून शेवटाला गाठ मारायचे. गाठ मारताना तोंडाने काही म्हणत नसत, पण चपला बाहेर काढून ठेवत.

“कालव्यातल्या कचऱ्याला अडकून जातो हो तो दोरा,” वसुमती म्हणायची. “वाहत्या पाण्यात दोरी टाकली की ती जाणारच. यात चपला कशाला काढायच्या?”

“तुझ्या फिजिक्सला सांग चपला घालून ये म्हणून,” काका म्हणायचे आणि उजव्या हाताने मिशी पुसायचे. त्या हाताला मधलं बोट नव्हतं.

तिच्या अप्पांच्या, म्हणजे वडील श्रीनिवासरावांच्या, उजव्या हाताला अनामिका नव्हती. भिंतीवरच्या फोटोत आजोबांना तर्जनी नव्हती आणि पणजोबांना करंगळी. कोणी विचारलं तर घरचं उत्तर ठरलेलं: लेथ मशीन. धंदाच तसा.

त्या वर्षी पोंगलला अंबाआत्याने तिला जवळ बसवलं आणि दोऱ्याने तिच्या उजव्या अंगठ्याचं माप घेतलं.

“अंगठी करायची आहे,” आत्या म्हणाली.

“अंगठ्यात? मी काय राणी आहे?”

“गप्प बस, कण्णा,” आत्या लाडाने म्हणाली आणि दोरा तोडून कमरेला खोचला.

२

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात सिंगापूरहून खोकं आलं. एक छापील कॅटलॉग मिळवून, वडिलांच्या मागे सहा महिने लागून वसुमतीने ते मागवलं होतं. आता मागवता येत होतं. बाहेरचा माल आणायला पूर्वीसारखे दहा दाखले लागत नव्हते. खोक्यात कार्बनच्या विणीच्या काळ्या चकत्या, बंद तोंडाची स्टीलची बेअरिंगं आणि अ‍ॅल्युमिनियमची लांब हँडलं होती. त्यांच्या टोकाला मुठीएवढे गोल गट्टू.

पहिलं रीळ नागपट्टिणमच्या गुरुमूर्तींचं. तिने बाजूची थाळी उघडली, जुन्या फायबरच्या चकत्या काढल्या, दातेरी चाक केरोसिनमध्ये धुतलं, काळ्या चकत्यांना ग्रीसचा नुसता हात लावून एकेक बसवली. मग दोऱ्याला ताणकाटा लावून ओढलं. सकाळी सहा किलोला सुटणारा दोरा आता चौदाला सुटत होता, तोही लोण्यासारखा, एकही झटका न देता.

“बघा!” ती ओरडली. “चौदा!”

“चौदा काय, चाळीस कर,” काका म्हणाले. “मासा चामड्याला घाबरतो. ह्या कोळशाला कोण भितं?”

“मासा चकती बघत नाही काका. तो दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला असतो.”

हे ऐकून वडील एकदम उठून आत गेले.

गुरुमूर्ती रीळ न्यायला आले तेव्हा तिने त्यांना नव्या हँडलची रीत सांगितली. “आणि सर, मासा ओढतोय तोवर भिऊ नका. दोरा अचानक सैल पडला तर भ्या. सुटला असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो सुटलेला नसतो. तुमच्या दिशेने येत असतो. तेव्हा श्वास घ्यायला थांबायचं नाही, जिवाच्या आकांताने गुंडाळायचं. त्यासाठीच हे लांब हँडल.”

“हे तुझ्या पुस्तकात आहे?”

“नाही. हे आमच्या पणजोबांचं.” जुन्यांचं जे खरं होतं ते ती मानत होती. राग तिला उरलेल्याचा होता.

ते गेले आणि वर्कशॉपात शांतता झाली. मागच्या खोलीतून आवाज आला. कट्. कट् कट् कट्.

वसुमतीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. मे महिना होता. मेट्टूर धरणाचं पाणी जानेवारीअखेर बंद होतं ते जूनपर्यंत येत नाही. कालवा गेले तीन महिने खडखडीत कोरडा होता. पोरं त्यात क्रिकेट खेळत होती.

मग दोरा ओढत होतं कोण?

३

तिने वाईट काही मनात आणलं नाही. आधी सोपी कारणं तपासायची, हे तिला शिकवलं होतं. गुरं असतील. पोरं असतील. ती भर दुपारी, कत्तिरीच्या, म्हणजे ऐन मे महिन्याच्या, उन्हात, पायऱ्या उतरून कालव्याच्या तळात गेली आणि दोऱ्याच्या कडेने चालू लागली.

दोरा वाळूवर पडलेला नव्हता. वीतभर वर, ताणलेला होता. क्रिकेटच्या खेळपट्टीला वळसा घालून तो पुढे गेला होता. म्हणजे खेळपट्टीच त्याला टाळून आखलेली होती. पोरांनाही कोणीतरी काहीतरी पाठ करवलं असणार. तिथून दोनशे पावलांवर रस्त्याचा जुना पूल. दोरा पुलाखालच्या काळोखात शिरला होता. आत थंडावा होता आणि ओल्या नाण्यांसारखा वास.

तिने दोन बोटांनी दोरा धरला आणि हलकेच ओढला.

पलीकडून तितक्याच हलकेच ओढ आली. मग आणखी एकदा. वासरू दावं ओढून बघतं तशी. ओढ देताना मध्येच ती सरकत होती, जणू धरणाऱ्याची पकड नीट बसत नव्हती.

वसुमती मागे वळली. ती पळाली नाही, पण घराच्या पायऱ्या चढताना तिला कळलं की आपण दोनशे पावलं मोजत आलो आहोत, आणि मोठ्याने.

वर्कशॉपात ती लेथला टेकून उभी राहिली. लेथच्या बुडाला पत्र्याची पट्टी होती. ती तिनेच दोन वर्षांपूर्वी ठोकली होती. कोइमतूरहून जुना लेथ आणला तेव्हा अप्पांना तिनेच गळ घातली होती, की घरात पहिलं यंत्र येतंय, तारीख घालू या. १२ जून १९९२.

पहिलं यंत्र.

तिने मान वर करून फोटोतल्या पणजोबांच्या हाताकडे बघितलं. मग आजोबांच्या. काकांचं बोट ती जन्मायच्या आधी गेलं होतं, अप्पांचं ती तिसरीत असताना. चौघांची चार बोटं, आणि सगळी वेगवेगळी. करंगळी, तर्जनी, मधलं, अनामिका. एकही दुसऱ्यांदा नाही.

तिने आपला उजवा अंगठा मुठीत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

४

दुसऱ्या दिवशी तिघं वडीलधारी पापनाशमला एका साखरपुड्याला गेले. वसुमतीने पोट दुखतं म्हणून सांगितलं. बस सुटली असेल इतका वेळ जाऊ दिला आणि पाना, स्क्रू-ड्रायव्हर, केरोसिनचा डबा घेऊन मागच्या खोलीत शिरली. चपला तिने मुद्दाम घातल्या होत्या.

बेत साधा होता. रिळात नव्या चकत्या घालायच्या, मागे फिरू न देणारी खिट्टी स्टीलची बसवायची, लांब हँडल लावायचं, चांदणी गच्च आवळायची आणि सगळा दोरा गुंडाळून आत घ्यायचा. टोकाला काय आहे ते टेबलावर ठेवायचं. जेवायला बसतात त्याच टेबलावर.

थाळी अलगद निघाली, जणू कालच उघडलेली. दातेरी चाकाच्या पोटात चकत्यांसाठी पाच जागा होत्या. पाचवी रिकामी. उरलेल्या चारांत चामडं होतं, घरच्या गोल पंचाने कापलेलं. रुपयाएवढ्या चार चकत्या तिने एका स्टीलच्या ताटलीत काढल्या. एक काळवंडलेली, एक तपकिरी, दोन फिकट.

फिकट चकती तिने उजेडात धरली. तिच्यावर बारीक रेषा होत्या. एकात एक वळत जाणाऱ्या, मध्याशी भोवऱ्यासारख्या. मतदानाच्या केंद्रावर शाई लावून उठवतात तशा.

‘बकऱ्याचं असेल,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘बकऱ्याच्या कातड्यावर पण असतं काहीतरी.’

ताटलीपाशी मुंग्या आल्या होत्या. पणजोबांच्या काळच्या वाळक्या चामड्याला मुंग्या लागत नाहीत. त्या ताज्याला लागतात.

तिने काम पुढे चालू ठेवलं, कारण थांबली असती तर परत हात घालवला नसता. काळ्या चकत्या पाचही जागांत बसल्या, मापात. खिट्टी बसली. हँडलचं भोक जरा मोठं होतं. पितळेची पट्टी घासून तिने ते भरलं. थाळी लावली, स्क्रू पिळले. काढलेलं जुनं पितळी हँडल बाकावर ठेवलं. मग चांदणी आवळली. गच्च. आणखी एक फेरा.

कट्, असं रीळ म्हणू लागलं आणि अर्ध्यात थांबलं.

दोरा तारेसारखा झाला आणि वाजू लागला. आधी बारीक, मग दातांत शिरेल असा. खांब करकरला. लोखंडी पट्टीचा एक खिळा सुटून तिच्या कानाजवळून भिंतीत गेला. तीस पौंडांचा दोरा होता तो. तिने स्वतः पुडा वाचला होता. तो कधीच तुटायला हवा होता.

“वसू! काय केलंस?”

दारात अप्पा उभे होते. मागे काका आणि आत्या, साखरपुड्याला न्यायच्या पिशव्यांसकट. पापनाशमपर्यंत ते पोचलेच नव्हते.

“बस स्टँडावरच माझा हात दुखायला लागला,” काका नुसतं इतकंच म्हणाले. ते आपल्या नसलेल्या बोटाची जागा दाबून धरत होते.

५

अप्पांनी विचार केला नाही. ते धावले आणि दोन्ही हातांनी दोरा धरला, पलीकडच्याला थोडा देता यावा म्हणून. दोरा त्यांच्या तळव्यात शिरला. रक्त आलं ते थेंबांनी नाही, ताणलेल्या दोऱ्यावरून पिंजत, लाल धुक्यासारखं. मग दोऱ्याने मनगटाला वेढा घेतला आणि अप्पा आडवे झाले. फरशीवरून ते दाराकडे ओढले गेले. वाटेत केरोसिनचा डबा, ताटली सगळं कोसळलं. त्यांचा हात दाराच्या भोकाला लागला आणि मनगटापाशी अडकला. भोक हाताएवढं नव्हतं. ओढणारं थांबलं नाही. हाड मोडल्याचा आवाज वसुमतीने ऐकला. ओला ऊस मोडावा तसा.

“सोड! चांदणी सोड!” काका ओरडत होते.

चांदणी फिरत नव्हती. तिने ती दोन हातांनी, मग पान्याने फिरवून बघितली. मग तिला आठवलं की मूर्ख बाई, रिळाला दुसरी कळ असते, पिंप मोकळं सोडणारी. तिने ती कळ मुठीने ठोकली.

रीळ किंचाळलं. दोरा धो धो सुटला. अप्पांचा हात भोकातून निघाला आणि ते कुशीवर कलंडले.

दार धक्क्याने उघडलं होतं. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, सावली नावाला नाही, आणि त्या उन्हात सगळ्यात खालच्या पायरीवर एका हाताने दोरा धरला होता.

एवढंच तिने बघितलं. मनगटाच्या मागे काय होतं ते तिने बघितलं नाही, किंवा बघितलं आणि ठेवलं नाही. चार बोटं होती. करंगळी म्हाताऱ्याची, सुरकुतलेली. तर्जनी जाड. मधल्या बोटाला काकांच्या इतर नखांसारखं वाकडं नख. अनामिकेत एक चांदीचं वळं, जे तिसरीत असताना तिनेच जत्रेत अप्पांसाठी घेतलं होतं. चार बोटं दोऱ्याभोवती वळत होती आणि घसरत होती, कारण समोरून दाबायला काही नव्हतं.

आत्याने दार लावलं. ते तिने शांतपणे लावलं, रोज संध्याकाळी लावते तसं.

६

“पोदुम,” काका म्हणाले. बस झालं. ते धापा टाकत होते. “जुन्या चारही गेल्या?”

ताटली उपडी पडली होती. चकत्या केरोसिनमध्ये पसरून, फुगून, बुळबुळीत झाल्या होत्या. हातात येईनात.

“सरी. ठीक आहे, पाचवीवरच निभावू. अंगठ्याचं कातडं सगळ्यात जाड. ते रिळाला, बाकीचं त्याला. अंबा, डबा आण.”

आत्याने पितळी डबा आणला. त्यात गोल पंच होता, धार लावलेला, आणि पोंगलचा तो मापाचा दोरा.

“एवढुसं काम असतं गं,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात खरी माया होती, आणि तेच भयंकर होतं. “चार दिवस ताप येतो. मी शेक देईन. लग्नाला काही अडत नाही.”

“आणि मुलाकडच्यांना काय सांगणार?”

“लेथ,” काका म्हणाले.

वसुमती हसली. ते हसू तिला स्वतःलाच ओळखू आलं नाही. तेवढ्यात काकांनी तिचं मनगट धरलं. सत्तरीच्या माणसात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिचा अंगठा त्यांनी बाकावरच्या व्हाइसच्या, लोखंडी शिकंज्याच्या, जबड्यात लोटला आणि आत्याने दांडी फिरवली. एक फेरा. नखाखाली काळं साकळलं. दुसरा फेरा. तिला पांढरं दिसलं.

“अप्पा!”

अप्पा भिंतीला टेकून मोडका हात मांडीवर घेऊन बसले होते. “सगळ्यांनी दिलंय, वसू,” ते म्हणाले. “मीही ओरडलो होतो. कोणी विचारत नाही बाळा. द्यायचं असतं.”

बाकावर तिच्या डाव्या हाताला जुनं पितळी हँडल लागलं. तिने ते उचललं आणि काकांच्या तोंडावर मारलं. दात पडल्याचं फरशीवर वाजलं. पुन्हा मारलं, या वेळी कानशिलावर, आणि ते गुडघ्यांवर आले. आत्याने दांडी सोडली नव्हती. वसुमतीने हँडल तिच्यावर उगारलं.

“आत्या. फिरव उलटं.”

आत्याने फिरवलं.

अंगठा निघाला. चेंदलेला, पण अख्खा. ती तो छातीशी धरून तिघांसमोर उभी राहिली.

“नाही देणार,” ती म्हणाली. “मी देणार नाही आणि या घरात पुढे कोणी देणार नाही. चार जणांनी बोटं दिली आणि एकानेही विचारलं नाही की पाचवं मिळाल्यावर तो काय धरणार आहे. एकानेही! चपला काढत राहिलात. दोरा देत राहिलात. तुम्हाला वाटलं तुम्ही त्याला लांब ठेवताय. तुम्ही त्याचा हात बनवताय.”

“तो चिडेल,” काका रक्त थुंकत म्हणाले. “अंगठा मिळेल या आशेवर तो नुसता ओढतोय तरी. नाही दिलंस तर तो—”

ते बोलता बोलता थांबले.

रीळ बोलत नव्हतं. पिंप फिरत नव्हतं. दाराच्या भोकातून आलेला दोरा हळूहळू खाली आला, खोलीच्या मध्यावर त्याने झोळ घेतला आणि रक्ताच्या थारोळ्यात आडवा पडला. सैल.

या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत होता.

वसुमतीने फक्त एकदा दाराकडे बघितलं. मग ती खांबापाशी गेली, पिंपाची कळ पुन्हा अडकवली, मुठीएवढा गट्टू चार बोटांत आणि त्या फुटक्या अंगठ्यात पकडला आणि फिरवू लागली. अंगठ्यातून कळ खांद्यापर्यंत गेली. तिने वेग वाढवला. लांब हँडल फिरत होतं, बेअरिंगं आवाज करत नव्हती, दोरा वेढ्यावर वेढे घेत होता. कोरड्या कालव्यातून तो ओलाचिंब येत होता आणि तिच्या कपाळावर थंड शिंतोडे उडत होते.

“वसू, थांब,” अप्पा म्हणाले. “तो आत येईल.”

“येऊ दे. मला विचारायचंय त्याला.”

आणि मग खालच्या पायरीवर काहीतरी ओलं टेकल्याचा आवाज आला, मग तिच्या वरच्या पायरीवर.